कलापूर एकत्र बसणार कधी?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी 1915 साली 'पॅलेस थिएटर' म्हणून उभी केलेली ही वास्तू डोळ्यांदेखत जळत होती आणि खासबाग मैदानाच्या आसपास गाव गोळा झाले होते. नट, प्रकाशयोजनाकार, पडदा ओढणारे, हौशी संस्थांची पोरे आणि ज्यांनी आयुष्यात एखादेच नाटक पाहिले असेल असे लोकही त्यात होते. अनेकांना रडू आवरत नव्हते.

त्याआधी, फेब्रुवारी 2022 मध्ये, जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचे उघड झाले तेव्हाही असेच घडले होते. भालजी पेंढारकरांच्या नावाशी जोडलेला हा स्टुडिओ वाचवण्यासाठी कलावंत आणि तंत्रज्ञ उपोषणाला बसले. पुढे जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल घातलेले पुरुष चालताना दिसले. त्या चपलेसोबत कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. शहर पुन्हा पेटून उठले.

कोल्हापूरला जमायला शिकवावे लागत नाही. टोलविरोधी आंदोलनाने ते दाखवले. कित्येक दशके लावून धरलेल्या खंडपीठाच्या मागणीने दाखवले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरात आले. बिंदू चौकात हाक दिली की तालमी, मंडळे, पक्ष, पेठा एका दिवसात एकवटतात. पण नाट्यगृह, स्टुडिओ आणि चप्पल या तिन्ही प्रसंगांत शहर जमले ते काहीतरी हातचे गेल्यावर. ते जाण्याआधी नाट्यगृहातला रंगमंच कामगार, चप्पल लाइनचा कारागीर, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला मूर्तिकार, गुजरीतला साज घडवणारा आणि चित्रनगरीत दिवे उचलणारा तरुण एका सतरंजीवर बसून 'आपले पोट कशावर चालते आणि ते पुढे कसे चालेल' हे बोलले आहेत, असा प्रसंग शहराच्या सार्वजनिक आठवणीत नाही. कोल्हापूरला मोर्चाइतकीच आता बैठकीची गरज आहे, आणि ती सरकारने बोलावण्याची वाट न पाहता शहरानेच घातली पाहिजे.

'सर्जनशील अर्थव्यवस्था' हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. मे 2025 मध्ये मुंबईत झालेल्या 'वेव्हज' परिषदेत त्याला 'ऑरेंज इकॉनॉमी' म्हटले गेले, आणि अॅनिमेशन, गेमिंग, ओटीटी यांवर भरपूर चर्चा झाली. त्यात गैर काही नाही. मात्र हा शब्द ऐकून सुभाषनगरातल्या चर्मकाराला तो आपल्याविषयी आहे असे वाटत नाही. वाटायला हवे. डोक्यातली कल्पना आणि हातातले कसब विकून जे घर चालते, ते घर या अर्थव्यवस्थेत आहे. त्या हिशेबाने कोल्हापूर हे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या सर्जनशील शहरांपैकी एक ठरते. त्याला 'कलापूर' म्हणतात ते उगीच नाही.

इथे सिनेमा कसा जन्मला ते पाहावे. बाबूराव मेस्त्री म्हणजे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. नाटकाचा पडदा रंगवणारा हात, लाकूड-धातूचे काम जाणणारे घराणे, लेथ चालवणारे मिस्त्री आणि कलांना आश्रय देणारे संस्थान हे सगळे चालत जाता येईल इतक्या अंतरावर होते. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी सिनेमा करण्याचा नेट सोडला नाही. कॅमेरा त्यांनी इथेच, स्वतःच्या हाताने तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी 1929 साली कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. 1932 चा 'अयोध्येचा राजा' इथलाच.

पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, प्रभात पुण्याला गेली.

हा इतिहास कोल्हापुरात अभिमानाने सांगितला जातो, पण त्यातली कामाची गोष्ट बहुधा निसटते. सिनेमा त्या काळी उद्योग म्हणून आला नव्हता. शेजारी शेजारी राहणारी वेगवेगळी कसबे एकमेकांच्या कामात शिरली, म्हणून तो घडला. पडदेवाला मिस्त्रीशी बोलत होता. आज ही कसबे शहरात आहेत. त्यांचे एकमेकांशी बोलणे मात्र तुटले आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांचे सेट लागतात. त्या सेटवरचे दागिने गुजरीतून, चपला चप्पल लाइनमधून आणि मूर्ती कुंभार गल्लीतून याव्यात यासाठी आज कुणाचा कुणाशी ठरलेला दुवा आहे? एवढे साधे काम एका दुपारच्या बोलण्यात मार्गी लागू शकते.

न बोलण्याची किंमत किती मोठी असते, ते प्राडा प्रकरणात दिसले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते आठ जिल्ह्यांचे आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाची मालकी मात्र दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे, महाराष्ट्राचे 'लिडकॉम' आणि कर्नाटकचे 'लिडकर'. प्रत्यक्ष चप्पल शिवणाऱ्याला या मानांकनाचा उपयोग करायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. मिलानच्या शोनंतर काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाचा हक्क ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण पिढ्यान्पिढ्या ज्यांनी ही चप्पल घडवली, त्यांचा आवाज या सगळ्यात कुठून यायचा?

महाराष्ट्र चेंबरने प्राडाला पत्र लिहिले, प्राडाने आपल्या चपलेची प्रेरणा मान्य केली, कंपनीचे पथक कोल्हापूरला येऊन गेले, आणि डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात सुमारे 2,000 जोड बनवून घ्यायचे आणि जगभरच्या दुकानांत साधारण 800 युरोला एक जोड या दराने विकायचे, असे जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचेही ठरले. बातमी आनंदाची आहे. तरी सुभाषनगरात आज कुणी सहज विचारले, की त्या 800 युरोंतले शिवणाऱ्याच्या हाती किती येणार, वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती किती, आणि हे कुणी कुणाशी बोलून ठरवले, तर उत्तर देण्यासाठी कारागिरांची स्वतःची अशी एक जागा हवी. ती आधीपासून असती तर करारावर सही होण्यापूर्वी हे प्रश्न तिथूनच विचारले गेले असते.

चपलेत वेणी हा जिवाचा भाग. कातड्याच्या बारीक वाद्यांची वेणी, गोंडा, कान हे काम बऱ्याच घरांत बायकांच्या हातचे असते. पण संघटनेची बैठक भरते तेव्हा खुर्चीवर कोण असतो? दुकानदार, पुढारी, फार तर घरातला कर्ता पुरुष. बैठकीची पहिली दुरुस्ती इथूनच करावी लागेल.

ती कशी करावी हे शिकायला परदेशी जाण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे फार पूर्वीच शोधून काढले. तिथे ग्रामसभा निर्णय घेते तो सर्वसहमतीने, मतदानाने नव्हे. आणि निर्णयाच्या सभेआधी 'अभ्यास गट' बसतो. या गटात निर्णय घ्यायचाच नसतो. फक्त विषय समजून घ्यायचा, माहिती काढायची, बाहेरच्या जाणत्याला बोलावले तर त्याचे ऐकायचे, शंका काढायच्या. निर्णयाचे दडपण नसल्याने सभेत गप्प राहणारा माणूस इथे तोंड उघडतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षे जपलेल्या या रीतीतूनच मेंढ्याला 2009 साली 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळवण्याचे बळ आले. गोंड आदिवासींचे छोटे गाव आणि लाखोंचे शहर यांत फरक आहेच. पण 'आधी समजून घेऊ, मग ठरवू' ही रीत पेठेलाही लागू पडते. कोल्हापूरच्या तालमींना मोठी सभा नवी नाही. लहान, निर्णय न घेणारी, ऐकणारी बैठक नवी आहे.

अशी बैठक घालणाऱ्याने दोन-तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली म्हणजे दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांना फाटा. या सगळ्यात तास जातो आणि ज्याला बोलावले तो श्रोता होऊन बसतो. दुसरी गोष्ट प्रश्नांची. 'तुमच्या समस्या सांगा' म्हटले की सगळीकडे एकच यादी येते: कर्ज, बाजारपेठ, सरकारचे दुर्लक्ष. त्याऐवजी विचारावे, 'गेल्या महिन्यात किती जोड गेले? कातडे कुठून आणले, काय भावाने? रापी-ऐरणीवर आता घरातली किती माणसे बसतात? मुलगा काय करतो?' हातातल्या कामाबद्दल विचारले की माणूस मोकळा होतो, आणि त्याच्या उत्तरातून खरा हिशेब बाहेर येतो. बैठकीत जे बोलले गेले ते मराठीत लिहून, पुढच्या बैठकीत त्याच माणसांना वाचून दाखवावे. 'हे असेच म्हणाला होता ना?' असे विचारावे. आजवर किती पाहण्या झाल्या, किती फॉर्म भरून नेले गेले. सांगितलेले परत ऐकायला मिळाले असे म्हणणारा कारागीर क्वचितच भेटेल.

सर्वांत अवघड गोष्ट वेळेची. कुंभार गल्लीत अक्षय तृतीयेनंतर कामाला जोर चढतो आणि गणेश चतुर्थीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यातच 2019 आणि 2021 चे महापूर याच गल्ल्यांत शिरले, तेही हंगाम भरात असताना. चप्पलवाल्याचे उलटे. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, गिऱ्हाईकही थांबते, म्हणून तो तेव्हा मोकळा. गुजरीतला कारागीर लग्नसराईत गुंतलेला. नाटकवाल्याची संध्याकाळ प्रयोगाची, तर वेणी घालणाऱ्या बाईला दुपार तेवढी मिळते. सगळ्यांना सोयीचा एक दिवस दसरा-दिवाळी उरकल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास सापडेल. तोपर्यंत प्रत्येक कसबाने आपल्या वाड्यात, आपल्या वेळेला, आपापली बैठक घ्यावी आणि तेव्हा सगळ्यांनी एकत्र यावे. सरकारी मेळावे मात्र आर्थिक वर्षाच्या अखेरीस, निधी संपवायच्या घाईत भरतात. तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कारागिरांना दोष देऊ नये.

बैठकीत कोण कुठे बसतो, हेही कोल्हापूरने विसरू नये. चप्पल, कातडी कमावणे, मातीकाम ही कसबे जातींना बांधली गेली आणि त्या जातींना शतकानुशतके उंबऱ्याबाहेर बसवले गेले. याच शहरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले. भाऊसिंगजी रोडवरच्या त्या 'सत्यसुधारक' हॉटेलात महाराज स्वतः थांबून चहा घेत, बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. अस्पृश्याच्या हातचा चहा सर्वांदेखत पिणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, ते वेगळे सांगायला नको. एका कप चहाने त्यांनी शहराला एका बाकावर बसवले. आज पंचतारांकित हॉटेलच्या सभागृहात 'क्लस्टर' बैठक घेणाऱ्यांनी हा पत्ता लक्षात ठेवावा. कारागिराला आपल्याकडे बोलावण्यापेक्षा आपण त्याच्या ओसरीवर जावे.

बैठक सुरू झाली की कडू विषयही निघतील, आणि ते निघालेच पाहिजेत. 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार झाला. त्यानंतर कातड्याचा स्थानिक पुरवठा आटला आणि बाहेरच्या राज्यांतला माल महागात घ्यावा लागतो. हे चप्पल लाइनमध्ये सगळे एकमेकांना सांगतात, पण व्यासपीठावर कुणी बोलत नाही. दुसरा विषय सीमेचा. 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांपैकी बऱ्याच चपला अथणी-निपाणीकडे बनतात, बनवणारा घरात कन्नड बोलतो. मानांकन दोन्ही राज्यांचे असताना बैठक एकट्या महाराष्ट्राची करून चालणार नाही. कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस तिथे हवा. तिसरा विषय घरचाच आहे. दुकानदार आणि कारागीर यांचे हित दरवेळी एक नसते. म्हणून आधी कारागीर वेगळे बसावेत, दुकानदार वेगळे, आणि मग दोघे समोरासमोर. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका सभागृहात कोंबले तर ज्याचे उधार थकले आहे तो उधार देणाऱ्या दुकानदारासमोर काय बोलणार?

सरकारी योजना नाहीत असे नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. चर्मकार, कुंभार, सोनार, मूर्तिकार त्यात बसतात. हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. पण नाट्यगृहाचा प्रकाशवाला, रंगभूषाकार, पडदे रंगवणारा, सेट उभारणारा या यादीत कुठेच नाही. म्हणजे ज्या कसबाने कोल्हापूरला सिनेमा दिला, तेच यादीबाहेर राहिले. जळालेल्या नाट्यगृहाच्या उभारणीसाठी निधी जाहीर झाला. दगड-विटा पुन्हा रचल्या जातील. त्या काळात ज्यांचे प्रयोगाच्या रात्रीवर पोट होते त्यांची चूल कशी पेटली, याची नोंद मात्र कुठल्या अंदाजपत्रकात व्हावी? एकत्र बैठकीत चप्पलवाला आणि प्रकाशवाला शेजारी बसले, तर एकाला मिळणारी योजना दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहील. तो मांडण्यासाठी आमदार-खासदारांकडे मग शहराच्या वतीने जाता येईल.

युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात जयपूर, वाराणसी, चेन्नई, मुंबई, हैदराबाद, श्रीनगर, ग्वाल्हेर, कोळिकोड अशी भारतीय शहरे आहेत. मुंबई तिथे 2019 पासून चित्रपटाचे शहर म्हणून आहे. कोल्हापूरचेही नाव तिथे लागावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. इतिहास पाहता हक्कही आहे. पण तो अर्ज सल्लागार कंपनीने चकचकीत पानांवर लिहून दिला तर एक पाटी मिळेल आणि तिच्याखालचे शहर तसेच राहील. आधी बैठका व्हाव्यात. त्यांतून जे लिहून निघेल तोच अर्जाचा मसुदा व्हावा.

ही बैठक घालणार कोण? महामंडळाचा अधिकारी नको, कारण त्याच्याच कारभाराबद्दल बोलायचे आहे. व्यापारी संघटना नको, कारण ती एक बाजू आहे. उमेदवारीच्या आशेवर असलेला कार्यकर्ता तर नकोच. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून या शहरात आहे. तिथल्या समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी दोन-दोनच्या जोडीने एकेक गल्ली घ्यावी, एक वर्षभर तिथे जात राहावे, ऐकावे आणि लिहावे. प्रबंधासाठी याहून चांगला विषय त्यांना मिळणार नाही. तालमींनी जागा द्यावी. नाट्यसंस्थांनी माणसे जोडावीत. चहाचा खर्च पेठेला जड नाही.

पहिली बैठक सुभाषनगरात, दुपारच्या वेळी, वेणी घालणाऱ्या बायकांची व्हावी. महापालिकेने तिथे एक माणूस पाठवावा. त्याने भाषण करू नये, आश्वासन देऊ नये. शेवटची बाई बोलून होईपर्यंत वहीत लिहून घ्यावे आणि पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन परत यावे.